बोहारीण फसवते आणि दान पोचतं?

कपाट आवरून जुने कपडे बाहेर काढले की घरोघरी एक वाक्य ठरलेलं: "बोहारणीला देऊ नका, एका पातेल्यात गुंडाळते. त्यापेक्षा दान करा, गरिबाच्या अंगाला लागतील."

अंगाला लागतीलच असं नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदत म्हणून आलेल्या कपड्यांचे ढीग पडून राहिले. लोकांना त्यांतले बरेचसे वापरण्याजोगे वाटले नाहीत. संकटात सापडलेल्या माणसालाही आवडनिवड असते, हे आपण सोयीस्कर विसरतो. 'गूंज' ही संस्था 1999 पासून कपडे गोळा करते, पण फुकट वाटत नाही. गावकरी विहीर खणतात, बांध घालतात, त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे मिळतात. अंगात घालण्याजोगं नसलेलं सुती कापड धुऊन त्याचे सॅनिटरी पॅड होतात.

आता बोहारीण. ती साडी उजेडात धरते, पदर बघते, पँटची चेन वरखाली करते, मगच स्टीलचा डबा पुढे सरकवते. घासाघीस होते, होऊ द्या. तो कपडा पुढे धुतला जातो, रफू होतो, इस्त्री होऊन जुन्या बाजारात विकला जातो. दिल्लीच्या रघुबीर नगरात पहाटे असा मोठा बाजार भरतो. घेणारा पैसे मोजून, निवडून घेतो, म्हणजे घालतोच!

विरलेले स्वेटर मात्र दोन्हीकडे चालत नाहीत. अशी लोकर पानिपतला रंगांनुसार वेगळी करून पिंजतात, पुन्हा सूत काततात आणि घोंगड्या विणतात. अंतर्वस्त्रं आणि डागाळलेले कपडे कुणालाच देऊ नका. त्यांची घरातच फडकी करा.