शिकागोची चिकणमाती आणि अ‍ॅडलर-सलिव्हन

शिकागोच्या ऑडिटोरियम इमारतीतल्या नाट्यगृहात शिरताना दालनाची फरशी पायाला उतरती लागते. ही इमारत 1889 साली उघडली. तिच्या जाड दगडी भिंती पुढे काही ठिकाणी 2 फुटांहून जास्त खचल्या, आतले लोखंडी खांब मात्र त्या मानाने कमी बसले. फरशीला उतार आला तो यामुळे.

ती बांधली डँकमार अ‍ॅडलर आणि लुई सलिव्हन या वास्तुकारांनी. त्यांची भागीदारी 1883 ते 1895, जेमतेम 12 वर्षं टिकली. रूप आणि नक्षीकाम सलिव्हनकडे. पाया, ध्वनिरचना आणि व्यवहार अ‍ॅडलरकडे. 1880 साली 5 लाखांचं शिकागो 1890 पर्यंत 11 लाखांचं झालं होतं. जागा महागली तसे मजले चढत गेले. माती मात्र होती तीच.

वर भराव, त्याखाली काही फूट जाडीचा सुकून घट्ट झालेला चिकणमातीचा थर, आणि त्याखाली खोलवर मऊ, पाण्याने भरलेली चिकणमाती. भक्कम कठीण थर 60 ते 90 फुटांवर, खडक त्याहूनही खाली. तिथवर न जाता वरच्या घट्ट थरावरच पाया पसरायचा, ही तेव्हाची रीत. रेल्वेचे रूळ आडवे-उभे थरांनी रचायचे आणि काँक्रीटमध्ये बुजवायचे. पायरीपायरीने रुंद होत जाणाऱ्या दगडी पायाने तळघराची जागा अडायची, तशी यात अडत नसे.

पायाचा आकार ठरवायचा नियम वास्तुकार फ्रेडरिक बाउमनने 1873 मध्ये मांडला होता: ज्या खांबावर जितका भार, त्या प्रमाणात त्याच्या पायाचं क्षेत्रफळ. दर चौरस फुटाला साधारण दीड ते दोन टन दाब सगळीकडे सारखा ठेवला की इमारत सारखीच बसेल, असा हिशेब.

यातली मेख दाब किती खोल जातो यात आहे. चौकोनी पायाचा दाब त्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंत जाणवतो. 5 फुटी पाया 10 फुटांपर्यंतच माती दाबतो. 40 फुटी पाया खालच्या मऊ मातीचा सगळा थर दाबतो. म्हणून दाब सारखा असला तरी रुंद पाया जास्त खचतो. शिवाय चिकणमाती लगेच दबत नाही. तिच्यातलं पाणी बारीक छिद्रांतून हळूहळू पिळून निघतं, आणि त्याला वर्षं लागतात. हे गणित अभियंता कार्ल टेर्झागीने 1925 साली मांडलं.

ऑडिटोरियमचा मनोरा 17 मजली, बाजूची इमारत 10 मजली. मनोरा नंतर खचला तर सांध्यावर भिंती फाटणार, हे अ‍ॅडलरने ओळखलं होतं. त्याने बांधकाम चालू असतानाच मनोऱ्याच्या पायावर कच्चं लोखंड आणि विटा रचून पुढचा भार आधीच घातला, आणि मनोरा चढत गेला तसा तो काढत नेला. आजही पायाभरणीत आधी भार देऊन माती बसवतात, त्याच जातीची ही युक्ती. पण बाहेरच्या भिंतींचं गणित बिघडलं. पाया ठरल्यानंतर त्या हलक्या बांधणीऐवजी दगडाच्या करायचं ठरलं आणि ठरवलेल्या पायावर जादा वजन आलं.

शिकागो स्टॉक एक्स्चेंजच्या इमारतीच्या वेळी (1893-94) याच जोडीने वेगळा मार्ग घेतला. बहुतेक पाया लाकडी पाइलचा, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या लांब खांबांचा होता, पण पश्चिमेला खेटून वृत्तपत्राचा छापखाना. पाइल ठोकण्याचे हादरे त्याच्या यंत्रांना सोसले नसते. म्हणून तिथे अभियंता विल्यम सूय स्मिथच्या सल्ल्याने विहिरी खणल्या. पुढे ‘शिकागो कैसन’ म्हणून रूढ झालेली पद्धत अशी: माणसांनी गोल खड्डा काही फूट खणायचा, कडेने उभ्या फळ्या लावायच्या, आतून लोखंडी कड्यांनी ताणून धरायच्या, मग पुढचा टप्पा. कठीण थर लागला की विहीर काँक्रीटने भरायची. धोका फळ्या लावायला उशीर होण्यात असतो: मऊ माती आत सरकते आणि शेजारची जमीन, म्हणजे जी वाचवायची तीच, खचते.

1893 च्या मंदीने कामं आटली. 1895 मध्ये अ‍ॅडलर लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत गेला, काही महिन्यांतच परतला. पण सलिव्हनने भागीदारी पुन्हा जुळवली नाही. अ‍ॅडलर 1900 मध्ये वारला. स्टॉक एक्स्चेंजची इमारत 1972 साली पाडली गेली. खचलेलं ऑडिटोरियम उभं आहे, आणि तिथे अजून प्रयोग होतात.