खानदेशचा महसूल आणि राज्याचे वार्षिक लेखे : आकडे का जुळत नाहीत

1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्यातून कारभार सुरू केला. गावची वसुली पिकाच्या चक्रानेच चालत राहिली. आजही महसुली वर्ष 1 ऑगस्ट ते 31 जुलै असते. अर्थसंकल्पाची रीत जेम्स विल्सनने 1860 मध्ये आणली आणि 1867 पासून सरकारी वर्ष 1 एप्रिलला सुरू होऊ लागले. या दोन वर्षांची सांगड कधीच घातली गेली नाही.

चोपडा असो की साक्री, तलाठी शेतसाऱ्याची पावती नमुना 9 वर फाडतो, रक्कम नमुना 8-ब मध्ये खातेदाराच्या नावे चढवतो आणि चलनाने भरतो. चलनावर लेखाशीर्ष, म्हणजे रक्कम कोणत्या खात्यात धरायची त्याचा क्रमांक, 0029, म्हणजे जमीन महसूल. पण पावतीत जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीचा उपकरही असतो. त्यामुळे जमाबंदीतला, म्हणजे गावाच्या वार्षिक महसुली हिशेबातला आकडा वेगळा आणि कोषागारातला वेगळा. शीर्ष चुकले तर रक्कम भलत्याच महसुलात जाते. दरमहा महसूल खात्याच्या आणि कोषागाराच्या नोंदींचा ताळमेळ घेतला नाही, तर ती चूक महालेखापालांच्या वार्षिक लेख्यांतही तशीच छापून येते.

हे लेखे दोन प्रकारचे. वित्त लेख्यांत शीर्षवार जमाखर्च असतो. विनियोजन लेख्यांत विधिमंडळाने मंजूर केले किती आणि खर्च झाले किती याचा मेळ. अनुच्छेद 151 प्रमाणे नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळात येतात, पुढे लोकलेखा समिती ते तपासते.

खर्चाच्या बाजूला खरी मेख आहे. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या. धडगावच्या शाळाखोलीचे अनुदान 31 मार्चला कोषागारातून निघाले की राज्याच्या लेखी खर्च झालेच, खोलीची वीटही रचलेली नसली तरी. म्हणून पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याची उपयोगिता प्रमाणपत्रे मागवतात, आणि तीच वर्षानुवर्षे थकतात. आदिवासी तालुक्यांसाठी हा विलंब फार महागात पडतो.

वित्त लेखे जिल्हावार नसतात. ते तसे छापायला हवेत. तोवर खानदेशचा आकडा जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची कोषागारे आणि जिल्हा परिषदांचे लेखे लावून काढावा लागतो. 1906 मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले; त्यांतल्या पूर्व खानदेशची तुलना जळगावशी करावी, पश्चिम खानदेशची धुळे व नंदुरबार मिळून. नंदुरबार 1 जुलै 1998 ला वेगळा झाला; तो आकडा मिळवला नाही, तर धुळ्याचा महसूल त्या वर्षी अचानक घसरल्यासारखा दिसतो.