भांड्यातलं प्रमाण आणि साखळीतलं प्रमाण

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेच्या शेडमध्ये फायबरचा साचा भरताना हिशेब ठरलेला असतो. एक किलो रेझिनला (म्हणजे साच्यात घट्ट होणाऱ्या दाट द्रवाला) साधारण १० ग्रॅम कोबाल्ट, म्हणजे क्रियेला वेग देणारं द्रावण, घालून नीट ढवळायचं, मग क्रिया सुरू करणारं १० ते १५ ग्रॅम हार्डनर. (कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र केले तर भडका उडतो, ही ताकीद कितीदाही दिली तरी कमीच.) डब्यातलं पॉलिएस्टर आणि नाकाला झोंबणारं स्टायरीन हे दोघे मूलकांच्या (सुट्या इलेक्ट्रॉनमुळे चटकन जोडल्या जाणाऱ्या कणांच्या) साखळीत गुंफले जातात आणि रेझिन धरतं, म्हणजे घट्ट होतं. पण या साखळीत कोण किती वेगानं शिरतो, हे कोडं सुटायला १९४० चं दशक उजाडावं लागलं.

त्याआधी विसंगती दिसत होत्या, कारण दिसत नव्हतं. मॅलेइक अनहायड्राइड (हे रेझिन शिजवताना वापरलं जाणारं रसायन) एकटं ठेवलं तर त्याचं पॉलिमर, म्हणजे लांब साखळी, सहसा होत नाही. स्टायरीन सोबतीला दिलं की दोघे एकाआड एक बसत झपाट्यानं साखळी वाढवतात. उलट स्टायरीन आणि व्हिनाइल अ‍ॅसिटेट निम्मे-निम्मे घेतले तर सुरुवातीला जवळजवळ नुसतं पॉलिस्टायरीनच मिळतं. असंपृक्त पॉलिएस्टरमध्ये (डब्यातलं पॉलिएस्टर याच जातीचं) स्टायरीनसारखा मोनोमर, म्हणजे साखळीचा सुटा दुवा, घातला की ते कितीतरी लवकर घट्ट होतं, हे रसायनतज्ज्ञ कार्लटन एलिस यांना १९३० च्या दशकातच आढळलं होतं. उद्योग पुढे गेला, सिद्धांत मागे राहिला.

निकड आणली युद्धानं. १९४२ मध्ये आग्नेय आशियातले रबराचे मळे जपानच्या हाती गेले आणि अमेरिकेला ब्युटाडाइन-स्टायरीनचं कृत्रिम रबर मोठ्या प्रमाणावर करणं भाग पडलं. १९४४ मध्ये मेयो आणि लुईस या रसायनतज्ज्ञांनी, तसंच स्वतंत्रपणे आल्फ्रे आणि गोल्डफिंगर यांनी, एकच समीकरण मांडलं. त्याचा गाभा सोपा आहे. साखळीच्या टोकाला जो मोनोमर आहे, तो आपल्याच जातीच्या मोनोमरला दुसऱ्याच्या तुलनेत किती पटीनं पसंत करतो, तो आकडा म्हणजे क्रियाशीलता गुणोत्तर. दोन मोनोमर, दोन आकडे. दोन्ही १ पेक्षा कमी असले तर आलटून-पालटून बसण्याकडे कल. दोन्ही शून्याजवळ असले तर जवळपास काटेकोर एकाआड एक.

रबराचंच गणित करून पाहू. वजनानं ७५ भाग ब्युटाडाइन, २५ भाग स्टायरीन; ५० अंशांना गुणोत्तरं अनुक्रमे सुमारे १.४ आणि ०.६. उत्तर येतं की पहिल्या साखळ्यांत स्टायरीन वजनानं फक्त १९ टक्क्यांच्या आसपास. ब्युटाडाइन भराभर संपतं, मागे स्टायरीन साठत जातं, आणि शेवटच्या साखळ्या पहिल्यांपेक्षा वेगळ्या निघतात. म्हणूनच प्रयोगशाळेत ही गुणोत्तरं काढताना क्रिया ५ ते १० टक्क्यांच्या आतच थांबवून पॉलिमर मिथेनॉलमध्ये पाडतात. मोनोमरमधला प्रतिरोधक (साठवणीत क्रिया रोखणारं रसायन) कॉस्टिकनं धुऊन काढला नसेल किंवा ऑक्सिजन हाकलायला नायट्रोजन नीट सोडला नसेल, तर क्रिया सुरू व्हायलाच उशीर लागतो.

१९४७ मध्ये आल्फ्रे आणि प्राइस यांनी प्रत्येक मोनोमरला दोन अंक देऊन गुणोत्तरांचा अंदाज बांधण्याची सोय केली. अंदाजच तो, तपशिलात फसतो.

फायबरवाल्यांच्या कामाचा शोध मात्र १९४८ चा. लुईस आणि मेयो यांनी एकाच घटकांची दोन रूपं तुलनेला घेतली: मॅलिएट, ज्यात दोन्ही अणुगट दुहेरी बंधाच्या एका बाजूला, आणि फ्युमरेट, ज्यात ते विरुद्ध बाजूंना. स्टायरीनचं मूलक फ्युमरेटला मॅलिएटपेक्षा सुमारे वीसपट वेगानं पकडतं. मॅलिएटमधले गट एकमेकांना अडवतात, रेणू सपाट राहत नाही आणि त्यामुळे नव्या मूलकाला मिळणारा आधार कमी पडतो. रेझिन शिजवताना मॅलेइक अनहायड्राइड वापरलं, तरी २०० अंशांच्या आसपास प्रॉपिलीन ग्लायकॉलसोबत त्याचा बहुतेक भाग फ्युमरेटमध्ये उलटतो. घाईनं, कमी तापमानाला शिजवलेल्या रेझिनमध्ये मॅलिएट उरतं. मग हार्डनर कितीही वाढवा, माल मऊ आणि चिकटच राहतो.

पातळ करायला वरून स्टायरीन ओतण्याची सवयही इथेच अंगाशी येते. स्टायरीन आणि फ्युमरेटची गुणोत्तरं अनुक्रमे सुमारे ०.३ आणि ०.०७. एका फ्युमरेटमागे स्टायरीनचे चार रेणू ठेवले, तरी सुरुवातीला साखळीत जेमतेम दोनच बसतात. उरलेलं स्टायरीन शेवटी आपापसांत जोडलं जातं नाहीतर तसंच राहतं: माल आकसतो, ठिसूळ होतो, आठवडाभर वास मारतो. बेळगावच्या थंडीत सकाळी रेझिन दाट वाटतं तेव्हा डबा उन्हात नव्हे, तर उबदार खोलीत ठेवून वापरावा, आणि धरायला वेळ लागत असेल तर पुरवठादारानं दिलेल्या मर्यादेत कोबाल्ट वाढवावं. पावसाळ्यात मॅट (काचतंतूंची चटई) दमट असेल तर ती आधी सुकवून घ्यावी. तिथे कोबाल्ट वाढवून काही साधत नाही.