पोकर खेळणारे संगणक

पोकर या पत्त्यांच्या खेळात माणसाशी पैज लावून खेळणाऱ्या संगणक-प्रणाली. बुद्धिबळाचा पट दोन्ही खेळाडूंना सारखाच दिसतो. पोकरमध्ये मात्र प्रतिस्पर्ध्याची पाने झाकलेली असतात आणि, तीन पत्तीप्रमाणेच, हलक्या पानांवर मोठी चाल करून, म्हणजे थाप मारून, समोरच्याला पाने टाकायला लावता येते. म्हणूनच 1997 मध्ये डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळाचे जगज्जेते गॅरी कास्पारॉव्ह यांना हरवल्यानंतरही, पैजेला कमाल मर्यादा नसलेले दोघांचे ‘नो-लिमिट होल्डेम’ (होल्डेम म्हणजे मेजावर उघडलेली पाने सर्वांना सामाईक असणारा पोकरचा प्रकार) आणखी वीस वर्षे संगणकाला जमले नाही.

यंत्राला थाप मारता येणार नाही, हा समज मुळातच चुकीचा आहे, कारण थाप हा गणिताचाच भाग आहे. समजा, मेजावरचे शेवटचे पान उघडले आहे, मधल्या रकमेत 100 रुपये आहेत आणि खेळाडू आणखी 100 लावतो. अशा तीन पैजांपैकी नेमकी एक थाप असेल, तर 200 रुपयांसाठी 100 घालायचे की पाने टाकायची, यातून प्रतिस्पर्ध्याला सरासरी काहीच फरक पडत नाही. असे प्रमाण शोधण्याची मुख्य पद्धत कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2007 मध्ये मांडली. तीत प्रणाली स्वतःशीच असंख्य डाव खेळते, प्रत्येक वळणावर ‘इथे दुसरी चाल केली असती तर किती मिळाले असते’ याचा हिशेब ठेवते आणि जी चाल न केल्याची चुटपुट अधिक, ती पुढे अधिक वेळा खेळते. याच विद्यापीठाच्या सेफियसने 2015 मध्ये, पैजेवर मर्यादा असलेले दोघांचे होल्डेम जवळजवळ पूर्णपणे सोडवले, म्हणजे त्यात सरासरीने जवळजवळ न हरणारा खेळ शोधून काढला.

निर्णायक लढत 2017 च्या जानेवारीत पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत झाली. कार्नेगी मेलन विद्यापीठातील टुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांच्या लिब्राटसने चार नामांकित व्यावसायिक पोकर खेळाडूंशी वीस दिवसांत 1,20,000 डाव खेळून 17,66,250 डॉलर किमतीच्या चिप्सची आघाडी घेतली. नशिबाचा वाटा कमी व्हावा म्हणून एका खेळाडूला आलेली पाने दुसऱ्या मेजावर यंत्राला दिली जात. दिवसभर खेळाडू ज्या रकमांच्या पैजांनी यंत्राला अडचणीत आणू पाहत, त्यांतील महत्त्वाच्या रकमांची उत्तरे लिब्राटस रात्री महासंगणकावर काढत असे; त्यामुळे काल सापडलेली फट आज बुजलेली असे. दोनच वर्षांपूर्वी याच चमूच्या क्लॉडिकोला माणसांनी मागे टाकले होते, हे लक्षात घेता ही प्रगती थक्क करणारी आहे.

2019 मध्ये ब्राउन आणि सँडहोम यांच्याच प्लुरिबसने सहा जणांच्या मेजावरही व्यावसायिकांवर मात केली. दोघांच्या खेळात समतोल डावपेच (म्हणजे वरच्या उदाहरणाप्रमाणे समोरच्याला फायदा घेता येणार नाही असे) सरासरीने हरत नाहीत, ही गणिताची हमी सहा जणांत उरत नाही. म्हणून हे यश माझ्या मते अधिक मोलाचे आहे. तरीही ‘संगणक माणसाचे मन ओळखतो’ असे म्हणणे चूक ठरेल. या प्रणाली समोरच्याचा स्वभाव हेरत नाहीत. त्या स्वतःच्या खेळात पकडण्याजोगी खोड ठेवत नाहीत. त्यामुळे नवशिक्याच्या ढोबळ चुकांचा फायदा उठवून अधिक पैसे काढण्यात कसलेला माणूस त्यांच्यापेक्षा सरस ठरू शकतो. ऑनलाइन पोकरमध्ये गैरवापर होईल या भीतीने प्लुरिबसची संगणकीय संहिता खुली करण्यात आली नाही; मात्र ‘सॉल्व्हर’ नावाच्या तशाच धर्तीच्या प्रणालींवर आज व्यावसायिक खेळाडू स्वतःचे डाव तपासून पाहतात.