दार ठोठावायचं, उंबरठा ओलांडायचा

भाचीने कॉलेजच्या अंकासाठी लेख लिहिला, त्यात वाक्य होतं : ‘नोकरीसाठी मी अनेक कंपन्यांचे उंबरठे ठोठावले.’ अर्थ कळतो. पण उंबरठा ठोठावायचा कसा, खाली वाकून?

दार म्हणजे बिजागरीवर फिरणारी फळी. उंबरठा म्हणजे चौकटीचं जमिनीलगतचं आडवं लाकूड; वरच्या आडव्या लाकडावर गणपती कोरलेला, म्हणून ती गणेशपट्टी. संस्कृतात ‘उदुंबर’ हा शब्द उंबराच्या झाडालाही आहे आणि उंबरठ्यालाही. सोलापुरात पूर्व भागातल्या एखाद्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजाच्या, घरी सणाला जा, फरक डोळ्यांनी दिसेल. आंब्याच्या पानांचं तोरण वर दाराला, हळदीचा लेप आणि कुंकवाचे ठिपके खाली उंबरठ्याला. तेलुगूत तो ‘गडप’, कन्नड शेजाऱ्यांकडे ‘होस्तिलु’.

दार कुणाचं तरी असतं, उघडायचं की नाही हे आतला ठरवतो. म्हणून मदत मागणारा दार ठोठावतो, दारोदार हिंडतो, कधी दारातूनच परत फिरतो. उंबरठ्याला कडीकोयंडा नाही. तिथे प्रश्न पाऊल टाकणाऱ्याचा. म्हणून माणूस चाळिशीच्या उंबरठ्यावर असतो, कारखाना दिवाळखोरीच्या, आणि नवी नवरी माप लवंडते तेही उंबरठ्यावरच. हिरण्यकशिपूला वर होता, मरण ना घरात ना बाहेर. नरसिंहाने त्याला नेमकं उंबरठ्यावर गाठलं.

‘मृत्यूच्या दारात’ आणि ‘मृत्यूच्या उंबरठ्यावर’ मात्र दोन्ही चालतं, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

खरी गंमत ‘उंबरठे झिजवणे’ची. मागणं दाराचं, पण झिजतो उंबरठा, कारण पाय त्यावर पडतात. आमच्या जुन्या घरचा उंबरठा मधोमध बोटभर खोलगट झाला होता, पाणी सांडलं की तिथेच साचायचं. आता फ्लॅटमध्ये चौकट बहुधा तीनच बाजूंची, खाली फरशी सलग. फार तर ग्रॅनाइटची पट्टी. कचेऱ्यांतही तेच. तरी पेन्शनसाठी लोक उंबरठेच झिजवतात!

भाचीने खोडून ‘दारं ठोठावली’ केलं. मग म्हणाली, “मामा, ‘उंबरठे झिजवले’ लिहू का? जास्त वजनदार वाटतं.”

“अगं, अर्ज तीनच केलेस ना?”