दहावीनंतरचे दोन रस्ते : पार्श्वभूमी

दहावीनंतर एक वाट पदवीकडे आणि दुसरी थेट धंद्या-नोकरीकडे, ही कल्पना आजची नाही. 1882 च्या शिक्षण आयोगानेच हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन शाखा सुचवल्या होत्या, एक विद्यापीठ प्रवेशासाठी आणि दुसरी व्यापार-व्यवसायासाठी. पालकांनी पहिलीच उचलून धरली. स्वातंत्र्यानंतर, 1950 मध्ये, कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि तिच्यातून आयटीआयचे जाळे वाढत गेले. 1961 मध्ये शिकाऊ उमेदवारांसाठी कायदा झाला. पण हे सगळे शाळेच्या बाहेर घडत होते.

खरी गोष्ट सुरू होते ती 1964-66 च्या कोठारी शिक्षण आयोगापासून. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध त्याचाच. त्यातली मधली दोन वर्षे ही निव्वळ पदवीची पूर्वतयारी नसावी, असे त्यात स्पष्ट होते. 1986 पर्यंत दहावीच्या पुढे शिकणाऱ्यांपैकी निम्मी मुले पूर्णवेळ किंवा अर्धवेळ व्यवसाय शिक्षणात असावीत, असा त्याचा हिशेब होता.

महाराष्ट्राने सत्तरच्या दशकात नवा आकृतिबंध स्वीकारला, जुनी अकरावीची मॅट्रिक गेली, आणि प्रश्न आला की ही दोन वर्षे बसवायची कुठे? काही ठिकाणी अकरावी-बारावी माध्यमिक शाळांना जोडली गेली. पण मोठा भाग गेला तो पदवी महाविद्यालयांकडे. त्यांच्याकडे इमारती होत्या, प्रयोगशाळा होत्या, आणि पदवीपूर्व वर्ग बंद झाल्याने अतिरिक्त ठरू शकणारे प्राध्यापकही होते. व्यवहार म्हणून निर्णय समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र दूरगामी झाला. ‘ज्युनिअर कॉलेज’ या पाटीखाली मुलगा पहिल्या दिवसापासून सायन्स, कॉमर्स किंवा आर्ट्सचा झाला. ज्या आवारात लेथ नाही, वर्कशॉप नाही आणि जिथले शिक्षक पदवीचा अभ्यासक्रम शिकवण्यात मुरलेले, तिथे व्यवसाय शिक्षण रुजणार कसे? त्या वेळी शाळांच्या बाजूने बोलणारे कमी नव्हते, आणि माझ्या मते त्यांचे म्हणणे पुरेसे ऐकले गेले नाही.

तोडगा म्हणून द्विलक्ष्यी, म्हणजे बायफोकल अभ्यासक्रम आले. कल्पना अशी की नेहमीच्या शाखेत राहूनच मुलाने एक व्यवसाय विषय दोनशे गुणांना घ्यावा. प्रत्यक्षात काय झाले, ते बारावी सायन्सच्या गुणपत्रिकेवर दिसते. कॉम्प्युटर सायन्सचे दोन पेपर, प्रत्येकी पन्नास गुण लेखी आणि पन्नास प्रात्यक्षिक. त्या बदल्यात दुसरी भाषा सुटते आणि बायोलॉजीही सुटते. इंजिनीअरिंगकडे निघालेल्या मुलाला याहून सोयीचे काय हवे! नोकरीकडे नेण्यासाठी काढलेला विषय पदवीच्या शर्यतीतले हुकमी पान ठरला, आणि बायफोकलच्या जागेसाठी पालकांची धावपळ सुरू झाली ती आजतागायत.

1986 च्या राष्ट्रीय धोरणाने निम्म्याचा आकडा सोडून दिला. 1990 पर्यंत दहा टक्के, 1995 पर्यंत पंचवीस. नंतर हीही मुदत पाच-पाच वर्षांनी पुढे सरकवली गेली. त्याच काळात केंद्राच्या मदतीने किमान कौशल्य अभ्यासक्रम, म्हणजे एमसीव्हीसी, सुरू झाले. त्यांची रचना बायफोकलपेक्षा प्रामाणिक होती, कारण व्यवसाय विषयच मध्यभागी होता. पण ‘कुठेच नाही मिळाले म्हणून एमसीव्हीसी’ हा शिक्का बसला तो बसलाच.

पुढची तीस वर्षे दोन वाटांमध्ये पूल बांधण्यात गेली. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाला की इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. आयटीआय किंवा एमसीव्हीसी झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला. आयटीआयवाल्याने बोर्डाचे भाषांचे पेपर दिले की दहावी-बारावीशी समकक्षता. यातला प्रत्येक पूल पदवीच्या दिशेने जातो, उलट्या दिशेने एकही नाही, याची चर्चा फारशी होत नाही.

2020 च्या धोरणाने दोन शाखांमधली भिंतच नको म्हटले आणि 2025 पर्यंत किमान पन्नास टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असे ठरवले. आकडा जुनाच, निम्मा. फक्त आधी त्यात पूर्ण अभ्यासक्रम मोजायचा होता, आता ओळख मोजायची आहे. प्रवेशाचे पोर्टल मात्र अजून अकरावीचे वेगळे, आयटीआयचे वेगळे आणि डिप्लोमाचे वेगळे, त्यामुळे जून-जुलैत एकच मूल तिन्ही याद्यांवर डोळे लावून बसलेले असते.