कॅन्सर नाही, तरी जबडा का कापायचा?

विदर्भातल्या गावात कुणाचा गाल सुजला की पहिला संशय खर्ऱ्यावर, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणावर जातो. तोंडाचा कॅन्सर इकडे घरोघरी पाहिलेला, त्यामुळे ते साहजिकच. पण खर्ऱ्याला कधी हात न लावलेल्या तिशीतल्या माणसाचाही खालचा जबडा मागच्या दाढांपाशी फुगू शकतो. दुखत नाही, म्हणून आधी कापूस वेचून होऊ दे, मग तूर निघू दे, असं करत दवाखाना लांबतो. कधी हलणारी दाढ तेवढी काढली जाते नि गाठ आत तशीच राहते.

ही गाठ बरेचदा अमेलोब्लास्टोमा असते. दाताचं एनॅमल घडवणाऱ्या पेशींच्या कुळातली. ती सहसा शरीरात इतरत्र पसरत नाही. बायोप्सीत ‘कॅन्सर नाही’ असं आलं की घरचे म्हणतात, मग खरवडून काढा ना!

गोम इथेच आहे. एक्स-रेत गाठीची कड जिथे संपलेली दिसते, त्याच्या काही मिलिमीटर पुढे तिच्या पेशी जाळीदार हाडात शिरलेल्या असतात. वावरातला कुंदा वरवर खुरपावा नि मुळं आतच राहावीत, तसं हे खरवडणं. म्हणून सर्जन गाठीभोवतीचं १ ते २ सेंटिमीटर चांगलं दिसणारं हाडही कापतात. त्याने गाठ परत येण्याचं प्रमाण बरंच घटतं. एकाच पोकळीची गाठ असेल, विशेषतः लहान वयात, तर कमी कापूनही भागू शकतं. पण ते पेशी पोकळीच्या भिंतीत किती खोल गेल्यात त्यावर ठरतं.

कापलेल्या जागी पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट बसवता येतं. जबड्यासाठी ही पद्धत १९८९ पासून रुळली. शरीराचा भार मुख्यतः नडगीच पेलते, त्यामुळे माणूस पुन्हा नीट चालतो.

परतलेल्या गाठींपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या ५ वर्षांत दिसतात, काही मात्र १० वर्षांनंतरही. म्हणजे तपासणी वर्षानुवर्षं. नागपूर किंवा वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दवाखान्याची एक फेरी म्हणजे रोजी बुडाली, वर एसटीचं भाडं. त्यामुळे माझ्या मते, ज्याला वारंवार येणं जमणार नाही त्याच्यासाठी पहिलीच शस्त्रक्रिया पुरेशी रुंद करणं जास्त शहाणपणाचं. दुसऱ्या वेळी हाडही कमी उरलेलं असतं.

बायोप्सीचा कागद आणि जबड्याचा जुना एक्स-रे मात्र फेकू नका. नवा त्याच्या शेजारी धरल्यावरच डॉक्टरांना बारीक फरक कळतो.